डेंट्री कॅशचं हॅश टेबल: आकार कधी वाढवायचा आणि किती

रावेर-सावद्याकडच्या एखाद्या केळी व्यापाऱ्याचा सर्व्हर घ्या. काटा पावत्या, बिल्ट्या, पेमेंटच्या चिठ्ठ्या, सगळ्यांचे स्कॅन त्यावर. फाइली चाळीस लाखांवर गेल्या की ‘सर्व्हर जड चालतोय’ ही तक्रार येते आणि कुणीतरी हॅश टेबल वाढवायला सुचवतं. बहुतेक वेळा दोष त्याचा नसतो, म्हणून आधी मोजा.

लिनक्स फाइलचं नाव आधी मेमरीतल्या डेंट्री कॅशमध्ये शोधतं. डेंट्री म्हणजे एका नावाची नोंद, आणि या नोंदी ज्या खणांत (बकेटमध्ये) वाटून ठेवतात ते हॅश टेबल. भुसावळचं यार्ड डोळ्यापुढे आणा: लाइनी ठरलेल्या, वॅगन (म्हणजे डेंट्री) मात्र वाढत जाणाऱ्या. नावावरून लाइन लगेच कळते, पण तिच्यावर पंधरा वॅगन उभ्या असतील तर एकेकीचा नंबर वाचत चालावं लागतं. लाइनींची, म्हणजे बकेटची संख्या बूट होतानाच ठरते. चालू मशीनवर ती बदलता येत नाही. (फाइलच्या आतला मजकूर या टेबलात नसतोच. तो वेगळ्या रचनेत असतो, त्यामुळे मोठी फाइल वाचायला वेळ लागत असेल तर इथे काही हाती लागणार नाही.)

बकेट किती आहेत ते डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘डेंट्री कॅश हॅश टेबल एंट्रीज’ या ओळीत दिसतं. कर्नल साधारण दर ८ केबी मेमरीमागे एक बकेट धरतं. ८ जीबीच्या मशीनवर १०,४८,५७६ बकेट येतात. एका बकेटला ८ बाइट, म्हणजे टेबल ८ एमबीचं. आयनोडचं (फाइलचा आकार, मालक वगैरे माहितीच्या नोंदींचं) टेबल याच्या निम्मं. आता प्रॉकखालच्या सिस, एफएस फोल्डरमधली डेंट्री-स्टेट फाइल वाचा. पहिला आकडा एकूण डेंट्रींचा. त्याला बकेटच्या संख्येने भागा. उत्तर एक-दोनच्या आसपास असेल तर टेबलाला हात लावू नका.

अडतं ते व्हर्च्युअल मशीनवर. २ जीबीवर बूट केलं, टेबल २,६२,१४४ बकेटचं झालं, मग हंगामात चालू मशीनलाच मेमरी वाढवून ३२ जीबी केली. टेबल तेवढंच राहिलं. चाळीस लाख डेंट्री झाल्या की दर बकेटला पंधरा! नसलेलं नाव शोधायला पंधराही तपासाव्या लागतात, आणि प्रत्येक वेळी प्रोसेसरला मेमरीपर्यंत जावं लागण्याची शक्यता असते. पर्फ टॉपमध्ये (प्रोसेसरचा वेळ कुठे जातोय ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये) ‘डी_लुकअप_आरसीयू’ हे नाव शोधणारं फंक्शन वर दिसलं तर संशय पक्का होतो. इथे पहिला उपाय फुकटचा आहे: वाढलेल्या मेमरीसह एकदा रीबूट करा. टेबल आपोआप मोठं होईल.

डेंट्री-स्टेटमधला पाचवा आकडाही बघा (कर्नल ५.० पासून). तो निगेटिव्ह डेंट्रींचा, म्हणजे ‘ही फाइल नाही’ एवढीच आठवण ठेवणाऱ्या नोंदींचा. एकूण आकड्यात हाच मोठा असेल तर एखादा प्रोग्राम नसलेल्या फाइली सतत शोधतोय. तो प्रोग्राम दुरुस्त करा. टेबल वाढवणं म्हणजे कचऱ्यासाठी गोदाम बांधणं.

तरीही आकार हाताने द्यायचाच असेल तर आधी एकदाच करून बघा. बूट होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘डीहॅश_एंट्रीज=४१९४३०४’ द्या (नाव इंग्रजी अक्षरांत, आकडा इंग्रजी अंकांत, स्वल्पविरामाशिवाय) आणि कंट्रोल-एक्स दाबा. टेबल ३२ एमबीचं होईल. आयनोडसाठी ‘आयहॅश_एंट्रीज’. आकडा दोनच्या घातात नसेल तर कर्नल तो वरच्या घातापर्यंत नेतं, आणि बूटवेळच्या मेमरीच्या सोळाव्या हिश्श्यापलीकडे टेबल जाऊ देत नाही. नाव लिहिताना चूक झाली तरी मशीन मुकाट सुरू होतं, म्हणून डीमेसेज पुन्हा वाचायचंच. चाललं तर तीच जोडणी एटीसीखालच्या डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत करून अपडेट-ग्रब चालवा (डेबियन, उबुंटूवर).

उगाच दसपट देऊ नका. टेबलाची मेमरी परत मिळत नाही, आणि ते प्रोसेसरच्या कॅशबाहेर जितकं पसरेल तितका पहिला टप्पाच, म्हणजे बकेट गाठणंच, महाग पडतो. आणखी एक नेहमीची चूक: ‘व्हीएफएस_कॅश_प्रेशर’ (डेंट्री किती जोराने काढून टाकायच्या ते ठरवणारी सेटिंग) १०० वरून १० करणं. त्याने डेंट्री जास्त काळ टिकतात, साखळ्या लांबतात. शून्य केलं तर मेमरी कमी पडली तरी डेंट्री काढल्याच जात नाहीत आणि शेवटी मशीनची मेमरी संपते.

रीबूटनंतर कॅश रिकामी असते, तेव्हा लगेच मोजू नका. केळी कापणीच्या दिवसात सकाळचं काम दोन-तीन तास चालू द्या, मग भागाकार करा.