शाळेतील फुलबाग आणि पुष्परचना विभाग चालवताना या चुका टाळा

माध्यमिक शाळेत फुलशेती, रोपवाटिका आणि पुष्परचना यांचा विभाग सुरू करणे फारसे अवघड नसते. जागा असते, मुले उत्साही असतात आणि पहिल्या वर्षी पालकही कौतुकाने रोपे विकत घेतात. अडचणी दुसऱ्या वर्षापासून जाणवू लागतात आणि त्यांतील बहुतेकींचे मूळ एकाच गोष्टीत सापडते. ते म्हणजे शाळेचे वेळापत्रक आणि झाडांचे वेळापत्रक यांचा मेळ घातलेला नसणे. पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमातून पुढे आलेल्या आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) अभ्यासक्रमात आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी मिळतो. शिकण्याच्या दृष्टीने ही योजना उत्तम आहे, परंतु रोपांना पाणी उरलेल्या सहा दिवशीही लागते. म्हणून रोजच्या पाण्याची आणि पाहणीची पाळी, विद्यार्थ्यांच्या नावांसह आणि रविवार धरून, जूनमध्येच फळ्यावर लागली पाहिजे.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखा पाहून यंदाची पेरणी करणे. दसरा २०२५ मध्ये २ ऑक्टोबरला होता, तर २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे तो २० ऑक्टोबरला आहे. आफ्रिकन झेंडूच्या रोपांना वाफ्यात साधारण २५ ते ३० दिवस लागतात आणि लागवडीनंतर शेंडा खुडला असेल, तर पहिला भरघोस तोडा मिळायला जातीनुसार आणखी ५५ ते ६५ दिवस जातात. म्हणजे सणाच्या तारखेपासून सुमारे ९० दिवस मागे मोजावेत. या हिशेबाने २०२६च्या दसऱ्यासाठी पेरणी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. आदल्या वर्षीप्रमाणे जुलैच्या आरंभीच बी टाकले, तर फुलांचा मुख्य बहर ऐन पावसात सापडून काळा पडण्याची भीती असते. दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्प्यांत पेरणी केल्यास हा धोका निम्म्यावर येतो. संकरित झेंडूच्या फुलांतून घरचे बी धरून पुढच्या वर्षी तेच पेरणे हीही नेहमीची चूक आहे, कारण त्या बियांपासून एकसारखी झाडे मिळत नाहीत. अर्थात, आनुवंशिकतेचा पाठ शिकवण्यासाठी एक वाफा मुद्दाम तसा लावायला हरकत नाही.

दसऱ्याचा आग्रह थोडा सैल करावा, असे माझे मत आहे. त्या दिवशी सगळ्यांचाच झेंडू बाजारात येतो, संध्याकाळपर्यंत भाव कोसळतो आणि त्यानंतर लवकरच दिवाळीची सुट्टी लागत असल्याने पुढचे तोडे घ्यायला शाळेत कोणी उरत नाही. त्यापेक्षा मार्गशीर्षातील गुरुवार आणि डिसेंबर-जानेवारीतील स्नेहसंमेलन हे शाळेला अधिक सोयीचे हंगाम आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली शेवंती नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आपसूक फुलते आणि तेव्हा शाळाही भरलेली असते.

मात्र शेवंतीचीच एक तक्रार वारंवार ऐकू येते. झाडे गुडघाभर वाढतात, पाने हिरवीगार असतात, पण कळी धरत नाही. अशा वेळी खते बदलण्याआधी रात्री एकदा मैदानावर जाऊन पाहावे. शेवंतीला कळी धरण्यासाठी लांब आणि अखंड अंधाराची रात्र लागते. वाफ्याजवळ रात्रभर जळणारा दिवा असेल, तर तेवढ्या उजेडाने झाड अजून दिवस मोठाच आहे असे समजून नुसते वाढत राहते. दिव्याची दिशा बदलावी किंवा पुढच्या वर्षी वाफा हलवावा. नत्रयुक्त खताचा अतिरेक हेही एक कारण असू शकते, पण वाफ्याच्या एकाच बाजूची झाडे अडून बसली असतील, तर दोष दिव्याकडेच जातो.

रोपवाटिकेत रोपे मरतात ती बहुधा पाण्याच्या कमतरतेने नव्हे, तर अतिरेकाने. पाळीवर आलेला प्रत्येक विद्यार्थी कर्तव्य म्हणून झारी रिकामी करतो आणि आठवड्याभरात रोपे जमिनीलगत बारीक होऊन कोलमडतात. कोकोपीट, म्हणजे रोपे वाढवण्यासाठी वापरलेला नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून कोरडे दिसले, तरी आत ओले असते, म्हणून ते बोटाने दाबून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये, हा नियम मुलांना पहिल्या दिवशीच द्यावा. रोपे कोलमडू लागताच तो ट्रे बाजूला काढावा, पाणी थांबवावे आणि जाळीखाली हवा खेळती ठेवावी. रोपे उभी आहेत पण पिवळी पडत आहेत, असे असेल, तर प्रश्न वेगळा आहे. कोकोपीटमध्ये अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, आणि न धुतलेल्या कोकोपीटमधील क्षारही मुळांना बाधतात. ते वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुवावे व त्यात चाळलेले गांडूळखत मिसळावे.

मे महिन्याची व्यवस्था मार्चमध्ये ठरवावी. सुट्टीत टिकवायची मातृवृक्षांची, म्हणजे ज्यांपासून पुढची रोपे तयार करायची त्यांची, मोजकी रोपे एका जागी सावलीच्या जाळीखाली आणून ठिबकला जोडावीत आणि बाकीची एप्रिलअखेर विकून मोकळे व्हावे. शिपायांच्या भरवशावर चारशे पिशव्या सोडून जाणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

पुष्परचनेच्या वर्गात फुले तासाभरात माना टाकतात, याचे कारण रचनेत नसून आदल्या कामात असते. फुले सकाळी लवकर काढावीत, लगेच स्वच्छ बादलीत ठेवावीत, दांड्याचे टोक पुन्हा तिरके कापावे आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. बादली साबणाने धुतलेली नसेल, तर बाकीची सारी काळजी वाया जाते, कारण जिवाणूंमुळे दांड्यातील पाणी वर नेणाऱ्या नलिका बुजतात. जरबेराला मात्र खोल पाणी देऊ नये. त्याचा लवदार दांडा कुजतो, म्हणून चार-पाच बोटे पाणी पुरते. कार्नेशनच्या बादलीशेजारी पिकलेली केळी किंवा आंबे ठेवल्यास फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे फुले लवकर मिटतात.

रचनेत फुले टोचण्यासाठी वापरायची फोमची वीट पाण्यात दाबून बुडवू नये. ती पृष्ठभागावर ठेवून आपोआप बुडू द्यावी, नाहीतर आतला भाग कोरडा राहतो आणि नेमक्या तिथे टोचलेल्या फुलांना पाणी मिळत नाही. मुळात शाळेत फोमवर इतके अवलंबून राहण्याची गरज नाही. तो कुजत नाही आणि प्रत्येक सरावाला नवा लागतो. कोंबड्यांच्या जाळीचा गोळा किंवा केळीच्या खुंटाचा तुकडा सरावासाठी पुरेसा होतो. तसेच केवळ बुके शिकवणे हीही चूकच म्हणावी लागेल. हार, तोरण, वेणी यांना वर्षभर गिऱ्हाईक असते आणि सिंधुदुर्गात अबोलीचा वळेसर, म्हणजे केसांत माळायचा गजरा, केळीच्या सोपटाने (खोडाच्या वाळलेल्या सालीने) गुंफणारी आजी वर्गातील एखाद्या मुलीच्या घरीच असते. तिला मानधन देऊन बोलवावे.

कीटकनाशकांबाबत तडजोड नको. फवारणी विद्यार्थ्यांकडून कधीही करून घेऊ नये आणि लाल किंवा पिवळ्या त्रिकोणाची, म्हणजे जास्त विषारी असल्याची खूण असलेली बाटली शाळेच्या आवारात आणूच नये. पांढरी माशी, मावा दिसताच पिवळे चिकट सापळे, पाण्याचा फवारा आणि आजारी फांद्या काढणे यांवर भर द्यावा.

हिशेबात सहसा फुलांची किंमत तेवढी धरली जाते. फीत, कागद, तार, जाण्यायेण्याचे भाडे आणि खराब होऊन फेकलेली फुले या गोष्टी किमतीत न धरल्यास प्रत्येक बुकेमागे नुकसान होऊनही वहीत नफा दिसतो. प्रत्येक मागणीचा स्वतंत्र कागद करावा, त्यात वाया गेलेल्या फुलांची संख्याही लिहावी, पावती पुस्तक कार्यालयाकडून घ्यावे आणि रोख रक्कम त्याच दिवशी जमा करावी. जबाबदार शिक्षकांची बदली झाली, तर बियांच्या खरेदीच्या, पेरणीच्या आणि तोड्याच्या तारखा असलेली वही नव्या शिक्षकांच्या हाती पडली पाहिजे, म्हणून ती घरी न नेता विभागाच्या कपाटातच ठेवावी.