डीव्हीडी प्लेअर ॲम्पला जोडताना

वायर आणायला जाण्याआधी एक गोष्ट ठरवा: डिस्कवरच्या डिजिटल माहितीचा आवाज कोण तयार करणार, प्लेअर की ॲम्प (स्पीकर वाजवणारा ॲम्प्लिफायर)? प्लेअर करणार असेल तर साधी लाल-पांढरी आरसीए वायर पुरते. ॲम्प करणार असेल तर कोॲक्सियल, ऑप्टिकल किंवा एचडीएमआय हवी. हे न ठरवता वायरी खुपसल्या की 'चित्र येतं, आवाज येत नाही' हे दुखणं सुरू होतं.

जोडणी करताना दोन्हीचे प्लग बोर्डातून काढून ठेवा. आरसीए पिनचा मधला दांडा बाहेरच्या कड्याच्या आधी टेकतो. त्या क्षणी ॲम्प चालू असेल तर स्पीकरमधून 'धाड्' असा आवाज येतो आणि ट्विटर (स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा पडदा) जाऊ शकतो.

दोन स्पीकरचा स्टिरिओ असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. प्लेअरच्या 'ऑडिओ आउट'मधून ॲम्पच्या 'सीडी' किंवा 'ऑक्स'मध्ये वायर लावायची. लाल उजवा, पांढरा डावा. या सॉकेटांची नावं वेगळी असली तरी काम एकच असतं. 'फोनो' मात्र टाळा. ते रेकॉर्ड प्लेअरच्या सुईतून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतं, आणि सीडी प्लेअर जवळपास 2 व्होल्ट देतो. शिवाय फोनोचं सर्किट मुद्दाम बेस वाढवतं, त्यामुळे आवाज फाटका आणि घुमणारा येतो. 'टेप आउट' किंवा 'रेक आउट'मध्ये वायर लावली तर काहीच ऐकू येणार नाही, कारण तिथून आवाज बाहेर पडतो.

आपल्याकडे बऱ्याच घरांत वूफरच्या डब्यातच ॲम्प असलेला 5.1 संच असतो. त्याच्या मागे सहा आरसीए सॉकेट असतात: पुढचे दोन, मागचे दोन, सेंटर आणि सबवूफर. प्लेअरलाही तसेच सहा आउटपुट असतील तर जोडी-जोडीने लावा, पण सेंटर आणि सबवूफरची अदलाबदल होऊ देऊ नका. ही चूक सर्रास होते. मग प्लेअरच्या सेटअपमध्ये जाऊन स्पीकर '5.1' करा, छोटे स्पीकर असतील तर 'स्मॉल' निवडा आणि सबवूफर 'ऑन' ठेवा. तपासायला प्लेअरचाच टेस्ट टोन वाजवा. ॲम्पचा टोन फक्त ॲम्पपासून स्पीकरपर्यंतची वायर तपासतो, मधल्या सहा वायरींबद्दल तो काहीच सांगत नाही.

संगीत दणदणीत पण संवाद पुटपुटल्यासारखे येतात? सिनेमातले संवाद बहुतेक सेंटर चॅनलमध्ये असतात. प्लेअर 5.1 वर सेट आहे आणि तुम्ही दोनच वायरी लावल्या आहेत, तर सेंटर कुठेच पोचत नाही. सेटिंगमध्ये 'डाउनमिक्स' (सगळे चॅनल दोनांत मिसळणं) शोधून 'स्टिरिओ' करा. उलट, ऑडिओ सीडी किंवा व्हीसीडी लावल्यावर मागचे स्पीकर गप्प असतील तर बिघाड शोधत बसू नका. त्या डिस्कवर आवाज दोनच चॅनलचा असतो.

आता डिजिटल. कोॲक्सियल सॉकेट दिसायला आरसीएसारखंच असतं, बहुधा नारिंगी. त्याला 75 ओहमची वायर लागते, आणि व्हिडिओची पिवळी वायरही 75 ओहमचीच असते. दीड मीटरसाठी तीच वापरा, महागडी घ्यायचं कारण नाही. ऑप्टिकलच्या टोकांवरची पारदर्शक टोपणं काढून 'टक्' होईपर्यंत दाबा, आणि वायर काटकोनात मोडू नका. प्लेअर चालू असताना मोकळ्या टोकातून लाल उजेड दिसायला हवा.

मेनूमध्ये 'डिजिटल आउट'ला सहसा 'पीसीएम' (प्लेअरने उलगडून दिलेला आवाज) आणि 'बिटस्ट्रीम' किंवा 'रॉ' (डिस्कवरचा आवाज जसाच्या तसा) असे पर्याय असतात. ॲम्प डॉल्बी आणि डीटीएस (डिस्कवर आवाज दाबून साठवायच्या पद्धती) उलगडू शकत असेल तर बिटस्ट्रीम, नाहीतर पीसीएम. न उलगडणाऱ्या ॲम्पला बिटस्ट्रीम दिली तर शांतता मिळते किंवा जोरदार खरखर. म्हणून पहिल्यांदा चालू करताना व्हॉल्यूम शून्यावर ठेवा.

ब्लू-रेच्या डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या दर्जा न घटवणाऱ्या फॉरमॅटना कोॲक्सियल आणि ऑप्टिकल दोन्ही अपुरे पडतात. तिथे एचडीएमआय हवी, तीही प्लेअरमधून थेट रिसीव्हरला (डिजिटल आवाज उलगडणाऱ्या ॲम्पला), टीव्हीमार्गे नको. साध्या एआरसीमधून (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच ॲम्पला परत पाठवायची सोय) हे फॉरमॅट जात नाहीत. प्लेअरच्या मेनूत 'सेकंडरी ऑडिओ' (कॉमेंटरीसारखा जोड-आवाज) बंद करा. ते चालू असेल तर प्लेअर आवाज मिसळून पुन्हा साध्या डॉल्बीत किंवा डीटीएसमध्ये पाठवतो आणि रिसीव्हरवर ट्रूएचडीचं नाव उमटत नाही.

चित्र टीव्हीला आणि आवाज ॲम्पला असा वेगळा गेला तर ओठ मागे, संवाद पुढे असं होऊ शकतं, कारण टीव्ही चित्रावर प्रक्रिया करायला वेळ घेतो. ॲम्पच्या 'ऑडिओ डिले'मध्ये 40 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. पाल (भारतातली टीव्ही-चित्राची पद्धत) डीव्हीडीची एक फ्रेम तेवढीच असते. मग 20-20 ने वाढवत जुळवा.

सगळं जोडल्यावर सतत 'घूंऽऽ' येत असेल तर केबल टीव्हीची वायर टीव्हीमधून काढून पाहा. आवाज थांबला तर अर्थिंगचा लूप आहे: टीव्ही आणि ॲम्प वेगवेगळ्या मार्गांनी जमिनीला जोडले गेलेत. सगळे प्लग एकाच बोर्डावर घ्या. तरीही येत असेल तर आरसीएऐवजी ऑप्टिकल लावा. त्यातून वीज जातच नाही, त्यामुळे ती वाट बंद होते. थ्री-पिनचा वरचा जाड दांडा काढून गुणगुण घालवायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. ॲम्पमध्ये बिघाड झाला तर शॉक लागू नये म्हणूनच तो दांडा आहे.