अग्निवीराचे पहिले आठवडे: या चुका टाळा

आपल्या देशात लष्करी सेवा सक्तीची नाही. इंदूरच्या चिमणबाग मैदानावर पहाटे अंधारात पळणारा प्रत्येक मुलगा स्वतःच्या मर्जीने पळतो. पण ट्रेनिंग सेंटरच्या फाटकातून आत गेलं, नाव चढलं, की मर्जीचा भाग तिथे संपतो. अग्निपथ योजनेत, म्हणजे अग्निवीरांच्या चार वर्षांच्या भरतीत, ती चार वर्षं पुरी व्हायच्या आत स्वतःहून सोडून येता येत नाही. कारण अगदी अपवादात्मक असेल आणि वरून मंजुरी मिळाली तरच सुटका, आणि तेव्हाही सेवा निधीतला, म्हणजे पगारातून कापून चार वर्षं साठवलेल्या रकमेतला, सरकारचा वाटा मिळत नाही. म्हणून सुरुवातीला काय चुकतं ते जायच्या आधीच कळलेलं बरं.

मी फौजेत रंगरुटांना पीटी शिकवली आणि निवृत्त झाल्यापासून इंदुरात भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसोबत मैदानावर असतो. माझं ठाम मत आहे की मागे पडणारा मुलगा बहुतेक वेळा अंगाने कमी नसतो, तो काहीतरी लपवत असतो. दुखणं, न समजलेला धडा, रात्री येणारं रडू. शिक्षा होईल या भीतीने लपवतो आणि त्यातूनच अडचण वाढते.

निकाल लागला की पळणं बंद

पहिली चूक घरीच होते. भरतीला १.६ किलोमीटर पळायचं असतं, साडेपाच मिनिटांत आलात तर पूर्ण ६० गुण. त्या एका धावेसाठी मुलगा वर्षभर जिवाचं रान करतो. मग मेडिकल होतं, मेरिट लिस्टमध्ये नाव येतं आणि बोलावणं येईपर्यंत बरेच दिवस जातात. त्या दिवसांत सत्कार, नातेवाइकांकडे जेवणं, मित्रांबरोबर रात्री सराफ्याच्या बाजारात खाणं. बूट कोपऱ्यात पडून राहतात.

आणि सेंटरवर पोहोचल्यावर रोज पीटी, रोज ड्रिल. पुढे बीपीईटी ही शारीरिक परीक्षा येते, म्हणजे लढाईच्या सामानासह, हातात रायफल घेऊन ५ किलोमीटरची धाव, दोर चढणं, नऊ फुटी खड्डा उडी मारून ओलांडणं. दम लवकर परत येतो. हाडं तितक्या लवकर तयार होत नाहीत. नवा भार पडला की हाड आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा बांधतं. काढण्याचं काम भराभर होतं, बांधण्याचं सावकाश. त्यामुळे दोन-चार आठवडे गेले, की मुलाला वाटतं आपण आता तयार झालो, पण नेमकं तेव्हाच त्याच्या पायाचं हाड सगळ्यात कच्चं असतं.

यावर उपाय सोपा आहे, पण तो घरी असतानाच करावा लागतो. निकालानंतर आठवड्यातून चार दिवस, शेजारच्याशी बोलता येईल इतक्या हळू पळत राहा. तीन किलोमीटरपासून सुरू करून पाच-सहापर्यंत सावकाश वाढवा. एक दिवस पाठीवर थोडं वजन घेऊन नुसतं चाला. सगळं मऊ मातीवर नको, कारण ड्रिलचं मैदान टणक असतं. वेळ मोजायची आता गरज नाही.

मैदानांच्या आसपास ‘दम वाढवणारी’ गोळी किंवा इंजेक्शन देणारे लोक फिरतात. त्यांच्यापासून लांब राहा. यात मला कुठलीही सूट मान्य नाही. अशी औषधं घेऊन कडक उन्हात पळणाऱ्या मुलाच्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना काय होईल, याची जबाबदारी ते विकणारा घेत नाही.

नडगी दुखते, पण सांगितलं नाही

ही चूक सगळ्यात महागात पडते, म्हणून इथे जरा थांबतो.

ड्रिलमध्ये टाच आपटायची असते. बुटाचा तळ कडक, जमीन कडक, आणि त्यावर पळण्याचा भार वेगळा. नडगी दुखायला लागते. मुलगा विचार करतो की सिक रिपोर्ट केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, तर उस्ताद, म्हणजे शिकवणारे, कामचोर म्हणतील, आठवडा वाया गेला तर रेलीगेट होऊन मागच्या बॅचमध्ये जावं लागेल, सोबतचे पुढे निघून जातील. मग तो बडीकडून, म्हणजे जोडीला दिलेल्या सोबत्याकडून, दुखण्याची गोळी मागून घेतो आणि पळतो.

नडगीचं दुखणं दोन प्रकारचं असतं आणि त्यातला फरक प्रत्येक रंगरुटाला यायलाच हवा. नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेलं दुखणं, जे पळायला लागल्यावर अंग गरम झालं की कमी होतं, ते सहसा स्नायू आणि हाडावरच्या आवरणाचं असतं. भार कमी केला, बर्फ लावला, पोटऱ्या ताणल्या की ते उतरतं. दुसरं दुखणं एका बोटाने दाखवता येतं. नेमकं तिथेच दाबलं की मुलगा कळवळतो. सुरुवातीला फक्त पळताना दुखतं, मग चालताना, मग रात्री पडल्या पडल्या. त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येते. हाडाला बारीक तडा जात असल्याची ही लक्षणं आहेत. इथे गोळी घेऊन पळणं म्हणजे तडा मोठा करणं.

आता हिशेब मांडून बघ. वेळेत एमआय रूमला, म्हणजे सेंटरच्या दवाखान्यात, गेलास तर डॉक्टर काही दिवस धाव आणि ड्रिल बंद करतील, चिठ्ठी देतील, वर्गातले धडे चालू राहतील. लपवलंस आणि तडा पूर्ण गेला तर सहा-आठ आठवडे तर सहज जातात, त्याहून जास्तही. ज्या रेलीगेशनच्या भीतीने लपवलं तेच पदरात पडतं. जांघेत किंवा खुब्याच्या पुढच्या बाजूला खोल दुखत असेल तर एक दिवसही थांबू नकोस; मांडीच्या हाडाच्या मानेतला तडा सरकला तर ऑपरेशनपर्यंत जातं आणि नोकरीच धोक्यात येते.

डॉक्टरांना सांगताना ‘पाय दुखतो’ एवढंच सांगू नकोस. कुठे, कधीपासून, रात्री दुखतं का, कुठली गोळी घेतलीस, हे सगळं सांग. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बारीक तडा बऱ्याचदा दिसत नाही. एक्स-रे साफ आला आणि दुखणं मात्र तसंच राहिलं, तर पुन्हा जा. दुसऱ्यांदा गेलास म्हणून तू बहाणेबाज ठरत नाहीस. मी शिकवत होतो तेव्हा वेळेवर सांगणाऱ्या मुलाबद्दल मला कधी राग आला नाही. कुठल्याही चांगल्या उस्तादाला येत नाही.

फोड आणि चिखल्यांचं काम त्यामानाने सोपं. मोजे रोज धुवायचे, ओले मोजे घालून बूट चढवायचे नाहीत, रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. फोड सुईने फोडत बसू नका. नवे बूट मिळाले की ते बॅरकमध्ये संध्याकाळी थोडा थोडा वेळ घालून चालायचं, थेट धावेला नाही.

पाणी कमी पिणं

फॉल-इनमध्ये, म्हणजे रांगेत उभं असताना, लघवीला जाता येणार नाही म्हणून पाणीच कमी पिणारी मुलं असतात. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही थंड असतात, त्यामुळे इंदूरच्या मुलाला जबलपूर किंवा सागरच्या ट्रेनिंग सेंटरमधला मे महिना जड जातो. लघवी गडद पिवळी दिसली तर पाणी कमी पडतंय. जेवणात मीठ टाळू नका, मेसमधलं ताक किंवा लिंबूपाणी सोडू नका. शेजारचा मुलगा उन्हात अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला तर रांग मोडून ओरडा, त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता. तो उष्माघात असू शकतो आणि त्यात मिनिटं महत्त्वाची असतात.

समजलं नाही तरी मान डोलावणं

इंदूरच्या मराठी मुलाची एक जमेची बाजू आहे. घरात मराठी असली तरी गल्लीत, शाळेत हिंदीच, त्यामुळे ‘दाहिने मुड़’, ‘थम’ ऐकून तो गोंधळत नाही. दक्षिणेतून आलेला त्याचा बडी पहिले काही दिवस नुसता बघत राहतो. त्याला रात्री शब्द सांगा. दुसऱ्याला सांगताना आपलाही धडा पक्का होतो, आणि पुढे रायफल उघडताना तोच तुम्हाला आठवण करून देईल की पहिला भाग कुठला.

रायफलच्या वर्गात तर न समजून मान डोलावणं सरळ धोक्याचं आहे. बोट ट्रिगरवर कधी, नळी कुठल्या दिशेला, मॅगझिन काढल्यावर चेंबर कसं तपासायचं, यात शंका राहिली तर तिथल्या तिथे हात वर करा. फौजेत शिकवण्याला मान आहे. आपल्या शेजारच्या महूत बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते.

नावाचा घोळ

मध्य प्रदेशातल्या मराठी घरांत हा खास घोळ असतो. दहावीच्या मार्कशीटवर मुलाचं नाव आणि आडनाव, वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत. आधार कार्ड काढताना मात्र आजोबांनी मराठी रीतीने मधे वडिलांचं नाव घातलेलं. बँकेत तिसरंच. सेंटरवर कागद तपासले जातात तेव्हा मुलगा पीटी सोडून फोन मिळतो का बघत फिरतो आणि घरचे लोक सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहतात. फौजेच्या नोंदी दहावीच्या प्रमाणपत्रावर चालतात, तेव्हा बाकी सगळं त्याच्याशी जुळवून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून अक्षर न् अक्षर पाहून अर्ज करा. मूल निवासी प्रमाणपत्र, आई-वडिलांच्या नावांची नेमकी स्पेलिंग आणि जन्मतारखा एका कागदावर लिहून मुलाजवळ द्या. नॉमिनीच्या रकान्यात त्या लागतात.

पैशांचंही आताच सांगतो. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये ठरलेले, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात येतात २१,०००. चार वर्षांनी सरकारच्या वाट्यासह सुमारे १०.०४ लाख आणि त्यावरचं व्याज मिळतं, पेन्शन नाही, आणि कायम होतात ते जास्तीत जास्त २५ टक्के. ३०,००० धरून हप्त्यावर बुलेट घेऊ नका.

घरच्यांकडून होणाऱ्या चुका

आई-बाबा, हा भाग तुमच्यासाठी. मुलाचा फोन सुरुवातीला जमा असतो, बहुधा सुटीच्या दिवशी थोडा वेळ मिळतो. त्या दहा मिनिटांत आजीचं दुखणं, भावाचं भांडण, भाडेकरूची कटकट सगळं ओतू नका. आणि ‘नाही जमत तर ये निघून’ हे वाक्य तर चुकूनही बोलू नका. तुम्ही मायेने बोलता; तो मात्र रात्रभर त्याचाच विचार करतो. परवानगीशिवाय निघून येणं हा आर्मी ॲक्ट १९५० खाली गुन्हा आहे, आणि तीस दिवस गैरहजर राहिलं की चौकशी बसते. रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखावे या वर्षी त्याच्याविना होतील, त्याचे व्हिडिओ लगेच पाठवायची गरज नाही.

त्याचा वर्दीतला फोटो सेंटरच्या नावासकट फेसबुकवर टाकू नका. ‘तुमच्या मुलाचा अपघात झालाय, पैसे पाठवा’ किंवा ‘चांगली पोस्टिंग लावून देतो’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. आधी सेंटरला फोन करून खात्री करा. हा नंबर मुलगा जायच्या दिवशीच लिहून घ्यायचा.

फोनवर त्याला ‘बरा आहेस ना’ विचारलं तर तो ‘हो’च म्हणेल. त्यापेक्षा काय जेवलास, बडी कुठला आहे, पाय दुखतो का, झोप लागते का, असं विचारा. पहिल्या पंधरा दिवसांत रडू येणं, घर आठवणं साहजिक आहे आणि बहुतेकांचं ते ओसरतं. पण जेवण सुटलंय, झोप उडालीय, कुणाशी बोलत नाही किंवा जीव नकोसा झाल्याचं तो बोलला, तर वाट पाहू नका. त्याला त्याच दिवशी बडीला, उस्तादाला किंवा एमआय रूमच्या डॉक्टरांना सांगायला लावा, आणि तो सांगत नसेल तर तुम्हीच सेंटरला फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि कुठल्याही वेळी लागतो, त्याच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. सेंटरच्या नंबराखाली हाही लिहून ठेवा.