दुसऱ्या अल्बमला बसायच्या आधी एवढं उरकून ठेवा

पहिला रॅप अल्बम आम्ही सिडकोतल्या एका खोलीत, कपाटाला गोधड्या टांगून केला होता. आता दुसऱ्याला स्टुडिओत तासाचं मीटर पडणार म्हटल्यावर तेव्हा काय काय चुकलं ते एकेक आठवायला लागलंय, म्हणून आमच्या चौघांसाठी लिहून काढलं, नाशकातल्या बाकीच्या क्रूंनाही चालेल. मुद्दा एकच, जे घरी होतं ते घरीच संपवायचं.

आधी गाणी छाटा. आमच्याकडे सतरा डेमो (कच्ची रेकॉर्डिंग) आहेत, अल्बमवर दहा जाणार. कुठली सात उडवायची ते भांडण गोदाघाटावर बसून करायचं, माइकसमोर नाही.

मग प्रत्येक वर्स (कडवं) बीट, म्हणजे मागचं तयार संगीत, लावून, उभं राहून, सलग म्हणा. वहीत मस्त बसलेली ओळ दमात बसतेच असं नाही, जिथे श्वास तुटतो तिथे पेन्सिलने रेघ मारा आणि एखादा शब्द सरळ काढून टाका, कुणाला कळत पण नाही. आणि आपल्या मराठीचं एक वेगळंच लफडं आहे भो, भ, फ, ध, ख आले की माइकवर हवा फटकन आदळते. खरं वाटत नसेल तर तळहात तोंडासमोर चार बोटांवर धरा आणि 'बाकर' म्हणा, मग 'भाकर' म्हणा. माइकपुढे हवा अडवणारी जाळी, पॉप फिल्टर, असतोच, पण तोंड माइकच्या जरा तिरकं ठेवायची सवय घरीच लावा, नाहीतर 'भावा'ने सुरू होणारा हूक (गाण्यात परत परत येणारी ओळ) पंधरा वेळा घ्यावा लागतो (आम्ही घेतलाय).

बीटचं नीट बघा. लीजवर, म्हणजे नुसती वापरायला भाड्याने, घेतलेली बीट उद्या दुसऱ्याच कुणाच्या गाण्यात वाजू शकते, आणि बऱ्याच लीजमध्ये स्ट्रीमची मर्यादा असते, तेव्हा जी गाणी फायनल झाली त्यांचे एक्सक्लुझिव्ह हक्क लेखी घ्या. जुन्या गाण्याचा तुकडा सॅम्पल केला असेल तर परवानगी किंवा कात्री. डे ला सोल या अमेरिकन रॅप ग्रुपचा पहिला अल्बम 1989 चा, सॅम्पलच्या परवानग्यांच्या घोळात त्यांची जुनी गाणी स्ट्रीमिंगवर यायला 2023 चा मार्च उजाडला. आपण कोण लागून गेलो!

आम्ही त्यावर तोड काढली, शेवटच्या गाण्यात सॅम्पल नाही, खरा नाशिक ढोल. तो स्टुडिओच्या छोट्या खोलीत घेऊ नका, नुसता घुमतो आणि फुटतो. गणपतीआधी पथकांचा सराव चालू असतो तेव्हा मैदानावर जा, दहा-बारा फुटांवर रेकॉर्डर, लेव्हल वाटते त्यापेक्षा बरीच खाली. क्लिक (टेम्पो धरून ठेवणारी टिकटिक) ताशेवाल्याच्या कानात द्या, कारण पोरं रंगात आली की 92 चा टेम्पो बघता बघता 100 ला जातो आणि मग ते कुठल्याच बीटवर बसत नाही. जागा आदल्या दिवशी बघून ठेवा, कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते खोदलेत, आमच्या एका टेकमध्ये ढोलापेक्षा जेसीबी छान आलाय.

फाइली सगळ्या वेव्ह, 24 बिट, प्रत्येक स्टेम (एकेका वाद्याचा, आवाजाचा वेगळा ट्रॅक) पहिल्या बारपासून, म्हणजे गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून एक्सपोर्ट केलेला. 'फायनल', 'फायनल2', 'खरंचफायनल' ही नावं बंद, गाणं-टेम्पो-तारीख एवढंच. हार्डडिस्क दोन, आणि दोन वेगळ्या घरात. गेल्या वेळी एकच होती, ती बाइकवरून पाथर्डी फाट्याला पडली, पुढचं विचारू नका.

कागद आमच्यात कुणालाच आवडत नाही, पण कुणी किती लिहिलं, बीटवाल्याचा वाटा किती, हे टक्क्यांत लिहून चौघांच्या सह्या गाणं रिलीज व्हायच्या आधी, दोस्ती चांगली असतानाच. लिहिणाऱ्यांनी आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासदत्व बघून ठेवा. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल, चौकोनी. डिस्ट्रिब्युटरकडे (गाणी स्ट्रीमिंगवर चढवणारी कंपनी) महिनाभर आधी टाका, स्पॉटिफायला पिच, म्हणजे प्लेलिस्टसाठी गाणं सुचवणं, रिलीजच्या किमान सात दिवस आधी करावं लागतं आणि आम्ही पहिल्या वेळी आदल्या रात्री जागून अपलोड करत बसलो होतो.

रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मिसळ नको, तर्रीने घसा धरतो. चिवडा तर बॅगेतच ठेवू नका. शेंगदाण्याचा एक कण घशात अडकला आणि आमचा धाकटा वीस मिनिटं खोकत बसला, मीटर चालूच. कोमट पाण्याचा थर्मास, जास्तीचे हेडफोन आणि वही. मोबाइलवरून वाचायचं नाही, मध्येच आईचा फोन येतो.