चित्रकार-छायाचित्रकारांनी व्हिजिटिंग कार्ड कसं छापून घ्यावं?

कलाकार मंडळी कार्डावर आधी चित्र बसवतात आणि उरलेल्या जागेत नाव-नंबर कोंबतात. क्रम उलटा धरा. नाव, तुम्ही नेमकं काय करता, एक फोन नंबर आणि काम जिथे बघता येईल ती एक लिंक, एवढं आधी लिहून काढा. नुसतं ‘क्रिएटिव्ह डिझायनर’ लिहून कुणाला काही कळत नाही. ‘मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं’ असं लिहिलंत तर प्रकाशक कार्ड जपून ठेवेल. घरचा पत्ता टाकायची बहुतेकांना गरज नसते.

आता माप. आपल्याकडे साडेतीन बाय दोन इंच, म्हणजे साधारण ८९ बाय ५१ मिमी हे माप रुळलेलं आहे, तरी प्रेसवाल्याला विचारूनच फाइल करा. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग किंवा चित्र, सोडा आणि मजकूर कापायच्या रेषेपासून ४ मिमी आत ठेवा. कटिंगच्या वेळी गठ्ठा थोडा सरकतोच, त्यामुळे कडेला बारीक चौकट आखायचा मोह टाळा. ती हमखास वाकडी दिसते.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या निळ्या, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या हिशोबात ठेवा, फोटो ३०० डीपीआयचे (इंचाला ३०० ठिपके) घ्या. स्क्रीनवरचा झगझगीत निळा कागदावर जांभळा उतरतो, तेव्हा त्यातला मॅजेंटा (गुलाबी) कमी करा. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत, म्हणजे के १०० वर (काळा शंभर टक्के, बाकी शून्य). चार रंग मिसळून केलेला काळा जरा हलला की अक्षरांना रंगीत सावली येते.

खरी काळजी मराठी मजकुराची. प्रेसमध्ये फाइल बहुधा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली जाते. तुमचा फाँट तिथे नसेल तर जोडाक्षरं तुटतात, वेलांट्या भलत्याच अक्षराला चिकटतात. म्हणून मजकूर ‘कर्व्ह’ करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवून, पीडीएफ द्या, आणि बदल करता येईल अशी प्रत स्वतःकडे ठेवा. कर्व्ह करण्याआधी ‘कऱ्हाडे’मधला ऱ्ह नीट जुळलाय का ते मोठं करून बघा. ल आणि श सुद्धा तपासा. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची वळणं असं २००९च्या शासन निर्णयातही आहे, पण बरेच फाँट हिंदी वळणाची अक्षरं दाखवतात. सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की काही फाँट आपोआप सुधारतात. नाही सुधारला तर सरळ दुसरा घ्या.

मग घरच्या प्रिंटरवर खऱ्या मापात एक प्रिंट काढा, कापा आणि चष्मा लावणाऱ्या एखाद्या काकांना वाचायला द्या. क्यूआर कोड टाकला असेल तर तो दोन सेंटीमीटरपेक्षा लहान नको, भोवती पांढरी जागा हवी, आणि तो याच प्रिंटवरून साध्या फोननं स्कॅन झाला पाहिजे.

कागद ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) खाली नको. मॅट लॅमिनेशन, म्हणजे चकाकी नसलेला प्लास्टिकचा पातळ थर, देखणं असतं, पण त्यावर साधं बॉलपेन चालत नाही. प्रदर्शनात मागच्या बाजूला दर किंवा तारीख लिहून देणार असाल तर ती बाजू लॅमिनेशनशिवाय ठेवा. नावावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच भागावर चकचकीत थर, हवं असेल तर तेवढाच भाग काळ्यात भरून वेगळं पान द्यावं लागतं. माझं मत विचाराल तर चित्रकाराला हातकागद जास्त शोभतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्थेत तो मिळतो. मात्र खरखरीत जाड कागद डिजिटल मशीन सहसा घेत नाही, तिथे स्क्रीन प्रिंटिंगच (जाळीतून शाई उतरवून छपाई) करा आणि एक-दोन रंगांत भागवा.

शंभर कार्डं हवी असतील तर फाइलवरून थेट छापणारं डिजिटल, हजार असतील तर प्लेट बनवून छापणारं ऑफसेट. ऑफसेटचे स्वस्त दर बहुधा एकाच मोठ्या शीटवर अनेकांची कार्डं लावल्यामुळे परवडतात, आणि तिथे फक्त तुमच्या रंगासाठी शाई कुणी कमी-जास्त करत नाही. त्वचेचे रंग महत्त्वाचे असलेल्या छायाचित्रकारानं आधी डिजिटलवर चार-पाच कार्डं काढून बघावीत.

माल ताब्यात घेताना फक्त वरचं कार्ड बघू नका. गठ्ठ्याच्या मधली काही उपसून कटिंग, फोन नंबर आणि पाठपोट छपाईची दिशा पैसे देण्याआधी तिथेच तपासा.