मंडळात तरुणांचं मत चालत नाही? या चुका टाळा

मांडवाचे वासे पोरं उचलतात, पावतीपुस्तक घेऊन जिने पोरं चढतात, विसर्जनाच्या रात्री गर्दीला दोरी धरून पोरंच उभी राहतात. देखावा कोणता, ढोलपथक कुठलं, उरलेल्या वर्गणीचं काय करायचं, हे मात्र पन्नाशीतली पाच माणसं ठरवतात. आणि दिवाळीनंतर तीच पाच माणसं म्हणतात, "आताच्या पोरांना मंडळाचं काही पडलेलं नाही." त्या पाचांत मीही होतो. त्यामुळे पुढचं बरंचसं आमच्याच चुकांमधून आलेलं आहे.

एकच 'युवा प्रतिनिधी' घेणं

आम्ही १९ वर्षांच्या एका मुलाला कार्यकारिणीत घेतलं. बारा जणांत तो एकटा. पहिल्याच बैठकीत त्यानं विचारलं, स्पीकरच्या भिंतीवर एवढा खर्च कशाला? कुणीतरी हसलं, "तू नवा आहेस, कळेल हळूहळू," आणि विषय पुढे सरकला. तिसऱ्या बैठकीत तो चहा सांगायला उठला, चौथ्या बैठकीला आलाच नाही. आमचा निष्कर्ष तयार होता: संधी दिली तरी टिकत नाहीत.

रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. त्यातल्या दुसरीचं नाव आहे सजावट. गणेश मंडळवाल्यांना हा शब्द वेगळा समजावून सांगायला नको.

उपाय साधा आहे, पण जड जातो. निदान तिघं तरी घ्या, म्हणजे एक बोलला तर दुसरा री ओढेल. त्यांना अध्यक्षांनी नेमू नये (नेमलं की हमखास पुतण्या निघतो), त्यांच्याच वयाच्या कार्यकर्त्यांनी निवडावं. त्यांचा विषय बैठकीच्या सुरुवातीला घ्या, 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलू नका. नकार द्यायचा तर जरूर द्या, पण कारण इतिवृत्तात लिहा. नकारापेक्षा उत्तरच न मिळण्यानं पोरं जास्त तुटतात.

मत मागणं, हिशेब न दाखवणं

किती जमले आणि किती खर्च झाले हे माहीत नसलेला माणूस सूचना काय करणार? जमाखर्च सर्वांसमोर वाचा. एका उपक्रमाची रक्कम ठरवून द्या आणि मग त्यात बोट घालू नका. आमच्या पोरांनी पहिल्या वर्षी साठ टी-शर्ट एकाच मापाचे आणले. निम्म्यांच्या अंगात शिरेनात. पुढच्या वर्षी घरोघरी मापं लिहून घेणारी तीच पोरं होती. देखाव्यावर आमच्या हातून गेलेल्या पैशांच्या मानानं हा धडा स्वस्तात पडला.

कागदावर जुनीच नावं

"अठराच्या आतल्यांना कायद्यानंच चालत नाही," हे वाक्य फार सोयीचं आहे. अज्ञान म्हणजे अठराच्या आतल्या व्यक्तीला करार करता येत नाही, १८७२ च्या करार कायद्यात ते स्पष्ट आहे, म्हणून विश्वस्तपद आणि चेकवरची सही सज्ञानाकडेच राहू द्या. पण देखाव्याचा विषय निवडायला, उपसमिती चालवायला, बैठकीत हात वर करायला सहीची गरज नसते.

याच्या उलट चूक सज्ञान तरुणांच्या बाबतीत होते. मंडळ न्यास म्हणून नोंदलेलं असेल तर नवी कार्यकारिणी निवडून आल्यावर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची लेखी माहिती, द्यावा लागतो. तो राहून गेला की सत्कार नव्यांचा होतो आणि सरकारदरबारी जुनेच विश्वस्त राहतात. मग बँकेतली सही बदलायला गेलेली पोरं हात हलवत परत येतात. सभेनंतरच्या आठवड्यातच हे काम उरका.

रात्री दहाची बैठक

मुली येत नाहीत, अशी ओरड करणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं. रविवारी सकाळी बैठक लावून पाहा. आणि आधी मोठ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निर्णय घेऊन मग बैठकीत 'चर्चा' करू नका. पोरांना कळतं.

"आता तुम्हीच बघा"

रुसून बाजूला होणं हाही अडवण्याचाच प्रकार आहे. महापालिकेचा मंडप परवाना, वीजजोडणी, पोलिसांची परवानगी, नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणीसाठी लागणारी धर्मादायची तात्पुरती परवानगी, हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि तो नेमका जुलैमध्ये फोन उचलत नाही. गेल्या वर्षीचे अर्ज, पावत्या, फोन नंबर एका फायलीत लावून हातात द्या. पहिल्या वर्षी पोलीस ठाण्यातल्या बैठकीला त्यांच्यासोबत जा, मागच्या खुर्चीवर बसा आणि बोलू त्यांना द्या.