जुने रिव्हॉल्व्हर की नवे? घडण पारखण्याची रीत

परवानाधारकांच्या गप्पांत शस्त्रांचा विषय निघाला की ‘आता तशी घडण राहिली नाही’ असे कुणीतरी म्हणतेच. हे विधान अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यावर विसंबून माणसे चक्री (काडतुसे भरायचा फिरता भाग) सैल झालेल्या विलायती रिव्हॉल्व्हरला नव्या देशी शस्त्राच्या कित्येक पट किंमत मोजतात. तर काही जण नवे म्हणजे निर्दोषच असणार असे धरून चालतात आणि दुकानात चक्री एकदाही फिरवून न पाहता शस्त्र घरी नेतात. दोघांचेही नुकसान एकाच कारणाने होते, ते म्हणजे नाव पाहिले जाते आणि जुळणी पाहिली जात नाही. नाशिकच्या सातपूर-अंबडमधील कारखान्यांत टूलरूममध्ये काम केलेल्या वाचकाला पुढील निम्म्या चाचण्या ओळखीच्या वाटतील, कारण रिव्हॉल्व्हर हे अखेर फिरत्या भागांचे आणि ठरावीक फटींचे यंत्र आहे.

विलायती शस्त्रांच्या किमतीबद्दल एक गोष्ट प्रथमच लक्षात घ्यावी. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी व्यक्तींना परदेशी हातशस्त्रे आयात करण्याची वाट जवळपास बंद झाली. त्यापूर्वी देशात आलेली वेब्ली, कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन हीच शस्त्रे तेव्हापासून एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत आहेत. त्यांची किंमत टंचाईने ठरते. चांगल्या कारागिरीचे शस्त्र आणि महाग शस्त्र या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी कागद, मग शस्त्र

नाशिक शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत परवाना देण्याचा अधिकार पोलिस आयुक्तांना आहे. निफाड, सिन्नर, दिंडोरीसारख्या ग्रामीण तालुक्यांत तो जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे बाळगता येत नाहीत, त्यामुळे चुकीची निवड म्हणजे दोनपैकी एक जागा वाया घालवणे होय. शस्त्र व्यक्तीकडून घ्यायचे असेल तर शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे विकणाऱ्याने जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांना लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. शस्त्र पाहणे, हाताळणे हे परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात किंवा शस्त्राच्या धन्यासमोरच करावे.

क्रमांक नीट वाचावा. चौकटीवरील, म्हणजे शस्त्राच्या मुख्य सांगाड्यावरील, क्रमांक परवान्यावरील क्रमांकाशी अक्षरशः जुळला पाहिजे. जुन्या स्मिथवर तोच क्रमांक मुठीच्या तळाशी आणि चक्रीच्या मागील बाजूसही सापडतो, आणि दोन्हीकडे तो सारखाच असेल तर चक्री मूळची आहे असे समजावे. क्रमांकाच्या जागी कानस फिरल्याची शंका आली तर व्यवहार तेथेच थांबवावा.

बोअरचे, म्हणजे नळीच्या आतील मापाचे, लेखनही तपासावे. आपल्याकडे बहुतेक परवाने .३२ चे असतात आणि मिळणारे काडतूस .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे असते. जुन्या कोल्टमध्ये ‘.३२ लाँग कोल्ट’ नावाचे निराळेच काडतूस चालत असे; नावे सारखी वाटली तरी ही दोन काडतुसे परस्परांना चालत नाहीत. नळीवर नेमके काय कोरले आहे ते भिंगाने वाचून घ्यावे.

नेमके काय घसरले?

जुन्या पद्धतीत घडाईच्या पोलादाची चौकट यंत्रावर कापली जाई, आणि त्यानंतर खरे काम सुरू होई. चक्री फिरवणारा पंजा, चक्री अडवणारी खीळ, काडतुसावर आघात करणारा घोडा आणि बोटाने ओढायचा चाप यांचे एकमेकांना टेकणारे पृष्ठभाग फिटर कानशीने आणि दगडाने घासून त्या एका शस्त्रापुरते जुळवीत असे. १९५५ साली आलेले कोल्ट पायथन हे या पद्धतीचे गाजलेले उदाहरण आहे. त्याचा चाप दाबून धरला की चक्रीला खेळ म्हणून उरत नाही.

या पद्धतीला पैसा आणि अनुभवी हात दोन्ही लागतात, आणि दोन्ही कमी पडू लागले तसे कारखान्यांनी एकेक टप्पा गाळला. स्मिथ अँड वेसनने १९८२ च्या सुमारास नळी पिनेने अडकवण्याची रीत सोडली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घोडा आणि चाप हे भाग धातूची बारीक भुकटी साच्यात दाबून, मग भट्टीत भाजून बनवायला घेतले. आणि २००१ पासून चौकटीत किल्लीचे कुलूप आले. रसिकांचा राग या तिन्ही बदलांवर सारखाच असतो, पण माझ्या मते ते तिन्ही एका मापाचे नाहीत. पीन गेल्याने नळी काही निसटत नाही. भुकटीचे भाग जेथे नीट भाजले जातात तेथे ते पुरेसे टिकतात, शिवाय प्रत्येक नग जवळजवळ सारखा उतरतो. तोटा झाला तो पॉलिशचा, कडांच्या सफाईचा आणि जुळणीवर शेवटचा हात फिरवणाऱ्या माणसाचा.

जुने म्हणजे सुबकच, हाही भ्रम आहे. दुसऱ्या महायुद्धात बर्मिंगहॅमहून निघालेल्या .३८ वेब्ली मार्क ४ वर कंपनीने स्वतःच ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारला, म्हणजे यंत्राचे ओरखडे तसेच ठेवले आहेत हे लपवले नाही. शस्त्र लष्करी बोअरचे असल्याने ते सामान्य परवान्यावर येत नाही, पण ‘त्या काळचे’ या दोन शब्दांवर भाळणाऱ्याने तो शिक्का एकदा आठवावा. दुसरी बाब सुरक्षिततेची. त्याच महायुद्धाच्या अखेरीस हातातून पडलेल्या रिव्हॉल्व्हरचा बार उडून एक नौसैनिक दगावला, आणि त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोड्याला अडवणारा सुधारित भाग बसवला. रुगर कंपनीने आपल्या सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर बारापूर्वी घोडा हाताने चढवायच्या, रिव्हॉल्व्हरमध्ये अशी सोय १९७३ साली आणली. त्याआधीच्या धाटणीचे सिंगल अ‍ॅक्शन शस्त्र कितीही देखणे असले तरी घोड्याखालचे काडतुसाचे घर रिकामे ठेवूनच बाळगावे लागते.

पायथनचेही तेच. त्या हातजुळणीची दुसरी बाजू अशी की पंजा झिजला की शस्त्राचा ताल, म्हणजे घोडा चढणे आणि चक्री जागेवर बसणे यांचा मेळ, चुकतो आणि तो पुन्हा बसवणारा हात मिळणे कठीण होते. २०२० साली आलेल्या नव्या पायथनमध्ये आतील भाग कमी आहेत आणि ते संगणकचलित यंत्रावर काटेकोर कापलेले आहेत. जुन्याची मखमली चाल त्यात शोधू नये, पण दुरुस्तीसाठी हळहळण्याची वेळही कमी येते.

हातात घेतल्यावर

पहिली कृती न चुकता एकच: चक्री उघडावी आणि सहाही घरांतून उजेडाकडे आरपार पाहावे. विक्रेत्याने आपल्यासमोर पाहिले असले तरी आपण पुन्हा पाहावे, आणि शस्त्र खाली ठेवून परत उचलले तरी पुन्हा पाहावे. नळी कोणाकडेही रोखू नये. जिवंत काडतूस टेबलावर असता कामा नये.

मग बाह्यांग. स्क्रूंच्या खाचा प्रथम पाहाव्यात, कारण शस्त्र आतापर्यंत किती जणांनी उघडले ते त्या खाचा सांगतात. खाचेच्या कडा फाटलेल्या असतील तर आत कुणाचा तरी बेताल पेचकस फिरला आहे. पोलादावरचा निळसर संरक्षक रंग पुन्हा चढवलेले शस्त्र ओळखायला सोपे असते: भांडी बाजारातून पॉलिश करून आणलेल्या पितळी घागरीवरचे आजीचे नाव पुसट व्हावे तशी त्यावरील अक्षरे बुजरी दिसतात, आणि स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. असे रंगकाम हा गुन्हा नव्हे, पण त्याखाली गंजाचे खड्डे घासून काढले असण्याची शक्यता धरूनच किंमत बोलावी. याउलट कडांवर रंग उडून पोलाद चमकत असले आणि कोरीव अक्षरे धारदार असली, तर ते शस्त्र म्यानातून वापरले गेले आहे, बिघडवले गेलेले नाही.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा तालाची. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे घ्यावा आणि दुसऱ्या हाताचे बोट चक्रीला जेमतेम टेकवून तिला किंचित अडवावे. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी, किंवा फार तर त्याच क्षणी, चक्रीची खीळ तिच्या खाचेत ‘टक्’ करून बसली पाहिजे. घोडा अडकला आणि टक् आली नाही, बोटाने चक्री थोडी पुढे ढकलल्यावरच ती आली, तर पंजा झिजला आहे. ही चाचणी सहाही घरांवर करावी. पाच घरे चोख आणि एकच घर उशिरा बसते असे पुष्कळदा आढळते, आणि विक्रेता नेमकी ती चोख घरेच फिरवून दाखवतो. उशिरा बसणाऱ्या घरातून गोळी नळीत सरळ न शिरता कडेला घासून जाते, शिशाचे कण बाजूला उडतात आणि कालांतराने नळीचे मागचे तोंड खराब होते.

ताल जुळला की फट मोजावी. चक्री आणि नळी यांच्यामधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) पाहावी, ०.१० ते ०.२० मिमी असेल तर उत्तम, ०.२५ च्या पुढे गेली तर मी तरी ते शस्त्र परत ठेवीन. चक्री मागे ढकलून एकदा आणि पुढे ढकलून एकदा असे माप घ्यावे, आणि दोन्हींतील फरक ०.०५ मिमीच्या आत असावा. त्याहून जास्त फरक म्हणजे चक्री आपल्या आसावर पुढेमागे आपटते आहे आणि प्रत्येक बाराला तो खेळ वाढणार आहे. घोडा पडलेल्या स्थितीत चाप दाबून धरून चक्री डावी-उजवीकडे हलवून पाहावी. स्मिथच्या रचनेत येथे थोडा खेळ मुळातच ठेवलेला असतो. जुन्या कोल्टमध्ये मात्र तो दिसला तर दोष समजावा.

घोडा चढवून, अंगठ्याचा आधार तयार ठेवून, त्याला मागून हलकेच पुढे रेटावे. तो सुटला तर ते शस्त्र दुरुस्तीशिवाय कोणत्याही किमतीला घेऊ नये. येथे घासाघीस करण्यात अर्थ नाही.

वेब्लीच्या धर्तीची, म्हणजे नळी खाली झुकवून भरायची शस्त्रे आपल्याकडे अधिक दिसतात, कारण कानपूरला बनणारे .३२ रिव्हॉल्व्हर त्याच वंशाचे आहे. २०१४ चे टायटॅनियम मिश्रधातूचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही त्याच घराण्यातले. २०२३ च्या ‘प्रबल’ या देशी रिव्हॉल्व्हरची चक्री मात्र बाजूला उघडते. झुकणाऱ्या शस्त्रात बिजागरी आणि वरची कडी यांना एक जादा परीक्षा द्यावी लागते. एका हातात मूठ आणि दुसऱ्यात नळी धरून वर-खाली व आडवे हलवावे. कडीपाशी करकर जाणवली तर तो सांधा ढिला झाला आहे. नळीच्या आत शेवटी पाहावे. खड्डे, काळे डाग आणि मध्येच एखादे गडद कडे दिसले तर ते कडे फुगवट्याचे असू शकते. नळीवरून बाहेरून बोट फिरवले की खात्री पटते.

नवे घेताना

नव्या शस्त्रात झीज नसते, म्हणून तालाची परीक्षा सोडून द्यावी असे नाही. नग नव्यातही निराळा निघतो, आणि विक्रेत्याकडे दोन-तीन नग असतील तर सर्व मागून पाहावेत. मागून नळीच्या रेषेत नजर लावावी: नेम धरायची पुढची माशी उभी सरळ आहे ना, की नळी पिळून बसवताना कलली आहे? परदेशी नव्या बनावटीतही हा दोष आढळतो. चापाच्या पाठीमागे साच्याची रेघ किंवा पोकळी दिसली तर तो भाग भुकटीचा आहे इतकेच कळते, त्यावरून शस्त्र नाकारू नये. चापाच्या कडेला बोट घासत असेल, चक्रीच्या खाचांवर धातूचे तुसे राहिले असतील किंवा बाजूच्या पत्र्याची शिवण नखाला लागत असेल, तर ती हलगर्जी आहे आणि तिचा राग यायलाच हवा.

चाप जड लागतो म्हणून घासून हलका करून देणारे कुणीतरी भेटतेच. जुन्या स्मिथच्या घोड्यावर आणि चापावर कठीण थर फक्त वरवरचा असतो; दगड जरा जास्त फिरला की खालचे मऊ पोलाद उघडे पडते आणि काही दिवसांत घोडा रेटला की सुटू लागतो. शस्त्राची दुरुस्ती कायद्यानेही दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडूनच करून घ्यावी लागते. नाशिकच्या पावसाळ्यात चामडी म्यानात शस्त्र ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते आणि निळा रंग पहिल्यांदा तेथेच फुटतो. तेलाचा पातळ हात फिरवून ते कोरड्या कापडात ठेवावे, आणि जून ते सप्टेंबर या काळात दर आठवड्याला बोटांचे ठसे पुसून घ्यावेत.